राज्य नाट्यच्या वाचनाला जाताय? आधी संहिता मागा

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही मिरजेच्या, वय ३८, शाळेत शिक्षिका. कॉलेजात एकांकिका केल्यात, पण त्यानंतर रंगमंचावर पाऊल नाही. जवळच्या एका हौशी संस्थेनं राज्य नाट्य स्पर्धेसाठी ‘कलाकार हवेत’ असा मेसेज फिरवलाय. गेल्या वर्षीही तुम्ही गेला होतात. दोन पानं वाचून घेतली, ‘छान, कळवतो’ म्हणाले आणि कळवलंच नाही. आता तुम्ही विचारताय की यंदा एखादं जबरदस्त स्वगत पाठ करून जाऊ का, आणि भूमिका आधीच ठरलेल्या असतात हे खरं का.

सांगली भागात मी हौशी नाटकं बसवते, म्हणजे तुम्ही ज्या टेबलासमोर उभ्या राहिलात त्याच्या पलीकडे बसते. तुमची ही संस्था मला माहीत नाही. गेल्या वर्षी तिथे नेमकं काय झालं ते मी सांगू शकणार नाही. पण अशा निवडी कशा होतात ते सांगू शकते, आणि त्यावरून मला एवढं वाटतं की तुमची तयारी चुकीच्या जागी चालली आहे. तुम्ही ‘मी किती चांगला अभिनय करते’ हे दाखवायला निघालात. टेबलापलीकडचा माणूस शोधत असतो ते वेगळंच: पुढचे दीड-दोन महिने, रोज संध्याकाळी, हिच्याबरोबर काम करता येईल का?

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण मनात तोच जास्त सलतोय असं दिसतं. हो, काही भूमिका ठरलेल्या असतात. स्पर्धेचं नाटक बहुधा दोन अंकी, पाच-सात पात्रांचं असतं. त्यातल्या मोठ्या दोन भूमिका कोण करणार हे दिग्दर्शकानं संहिता निवडतानाच मनात धरलेलं असतं. बरेचदा ती दोन माणसं डोळ्यांसमोर होती म्हणूनच ती संहिता निवडलेली असते. स्पर्धेत अभिनयाची रौप्यपदकं असतात आणि प्राथमिक फेरीत आपल्या केंद्रातून पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीला जातं, त्यामुळे नवख्या माणसावर मुख्य भूमिका टाकायची हिंमत फार थोडे दिग्दर्शक करतात. शिवाय संस्था तगून राहते ती जुन्या माणसांवर. नेपथ्याचा टेम्पो पहाटे तीनला उतरवणारा माणूस यंदा भूमिका मागतो, तेव्हा त्याला नाही म्हणणं अवघड जातं, आणि मला तरी त्यात अन्याय दिसत नाही.

पण यातूनच तुमच्यासाठी जागा तयार होते. ठरलेली पात्रयोजना शेवटपर्यंत टिकली असं क्वचितच घडतं. कुणाची बदली होते, कुणाच्या मुलाची दहावी असते, कुणाला नोकरीत बढती मिळते आणि रात्री नऊपर्यंत ऑफिस सुटत नाही. अशा वेळी दिग्दर्शक फोन उचलतो आणि वाचनाला आलेल्यांतलं कोण लक्षात राहिलं ते आठवतो. ‘कळवतो’ या शब्दाचा खरा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो. ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही हे एक कारण, आणि ‘अजून गरज पडू शकते’ हे दुसरं.

आता तयारीबद्दल. पहिलं काम म्हणजे संहिता मागा. स्पर्धेत उतरायचं तर लेखकाची परवानगी लागते आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्रही लागतं. त्यामुळे संस्थेनं मेसेज फिरवला तेव्हा नाटक कोणतं हे बहुधा ठरलेलं असणार. सरळ फोन करून विचारा, ‘नाटक कोणतं आहे, आधी वाचायला मिळेल का?’ छापील नाटक असेल तर नगरवाचनालयात सापडेल. नवीन, अप्रकाशित संहिता असेल तर कदाचित देणार नाहीत, त्यात वावगं काही नाही. मग निदान विषय, पात्रांची वयं आणि बोली कोणती आहे ते विचारून घ्या. वाचनाला येणाऱ्यांपैकी एवढं विचारणारे फार कमी असतात, आणि जो विचारतो त्याचं नाव वाचनाआधीच लक्षात राहतं.

संहिता मिळाली तर आपल्या वयाच्या बाईचे संवाद तेवढे काढून पाठ करत बसू नका. अख्खं नाटक एकदा एका बैठकीत वाचा आणि प्रत्येक प्रवेशात ती बाई कुणाकडून काय मिळवायला बघतेय एवढंच स्वतःशी बोला. पाठांतर करून आलात तर एक सूर पक्का होतो, आणि पक्का झालेला सूर मला मोडता येत नाही. त्या दिवशी मला नेमकं तेच तपासायचं असतं.

म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगते. समजा दोनच ओळींचा तुकडा आहे. बरीच वर्षं घराकडे न फिरकलेला भाऊ दारात येतो.

भाऊ: आई कुठंय?
बहीण: आलास? बस. चहा टाकते.

वाचनाला आलेल्या दहातल्या आठ जणी ‘आलास?’ या शब्दावर तुटून पडतात. डोळ्यांत पाणी, आवाजात कंप, सगळा वनवास त्या एका शब्दात. ऐकायला वाईट वाटत नाही. पण एखादी अशी येते की तिनं भावाचं वाक्य ऐकलेलं असतं. त्यानं विचारलं ‘आई कुठंय’, आणि बहिणीनं त्याचं उत्तर दिलेलंच नाही. ही प्रश्न चुकवतेय. का चुकवतेय? आई आजारी आहे, की गेली, की ह्याचं तोंड बघायला तयार नाही? वाचणारीला नेमकं माहीत नसलं तरी चालतं. काहीतरी लपवायचं आहे एवढं कळलं की ‘बस’ आणि ‘चहा टाकते’ यांच्या मधे आपोआप एक जागा पडते. ती जागा ज्या बाईला सापडते तिच्या नावापुढे मी खूण करते, मग आवाज कसाही असो.

त्यानंतर मी एक सूचना देते. ‘आता असं वाचा की तुम्हाला त्याचा राग नाहीये, तुम्ही घाबरला आहात.’ कधी कधी मुद्दाम संहितेच्या विरुद्ध सूचना देते. ‘ही बहीण खूश आहे, हसत वाचा.’ मला उत्तम वाचन नको असतं, बदल हवा असतो. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनात काहीतरी हललं पाहिजे, गती किंवा श्वास किंवा नजर, काहीही. ज्यांच्यात काहीच हलत नाही त्यांच्याबरोबर उभ्या, म्हणजे हालचालींसकट तालमी सुरू झाल्या की हाल होतात. आणि सूचना मिळाल्यावर ‘पण मला वाटतं ही बहीण खूश नसणार’ असा वाद घालणारे तर विचारूच नका. वाद घालायला निवडीनंतर बैठ्या वाचनाचा आठवडा असतो, तिथे खुशाल घाला, मला आवडतो. निवडीच्या वाचनाला आधी करून दाखवा.

तेव्हा घरी सराव करायचा तो असा. कोणत्याही नाटकातलं एक पान घ्या आणि घरातल्या कुणाला तरी समोरचे संवाद वाचायला बसवा. मुलगा असेल, नवरा असेल, शेजारीण असेल, त्यांना सपाट वाचू द्या. तुम्ही तेच पान तीन वेगळ्या मनःस्थितींत वाचा. आणि समोरचा बोलत असताना डोळे पानावरून उचलून त्याच्याकडे बघा. ही सवय लागायला वेळ लागतो. आपली ओळ कुठे आहे ते अंगठ्यानं धरून ठेवायचं, समोरच्याचं ऐकायचं, मग खाली बघून ओळ उचलायची आणि वर बघून बोलायची. ओळीची सुरुवात अर्धा सेकंद उशिरा झाली म्हणून कुणी गुण कापत नाही. उलट मान खाली घालून गडबडीनं वाचणाऱ्याचा चेहराच दिसत नाही. संहिता छातीच्या उंचीवर धरा, तोंडासमोर नको.

आवाजाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शिक्षिका आहात म्हणून बोलते. शिक्षकांचा आवाज पोचतो. सभागृहात फूटमाईक असले तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जायचा तर मुळात फेक लागते आणि ती तुमच्याकडे असणार. पण वर्षानुवर्षं वर्गात बोलल्यानं एक समजावणीचा सूर बसतो. प्रत्येक वाक्याचा शेवट थोडा वर, महत्त्वाच्या शब्दावर ठोसा, आणि वाक्य संपलं की ‘कळलं का?’ असा एक अदृश्य थांबा. तुम्हाला तो ऐकू येत नाही, आम्हाला पहिल्या दोन ओळींत येतो. गेल्या वर्षी तुमचं याच्यामुळे अडलं असेल असं मी म्हणत नाही, पण शक्यता आहे. मोबाईलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करा आणि वाक्यांचे शेवट तेवढे ऐका. सगळे एकाच उंचीवर संपत असतील तर ते मोडायला लागा. वकिलांचंही असंच असतं. बँकेतली मंडळी मात्र फार भरभर वाचतात, का ते मला आजवर उमगलेलं नाही.

बोलीची भीती बाळगू नका. ‘माझं मराठी शुद्ध नाही’ असं तुम्ही लिहिलंय. शुद्ध-अशुद्ध सोडून द्या. नाटक प्रमाण मराठीत असेल तर ‘न’ आणि ‘ण’ एवढे सांभाळा, बाकी तालमीत बसवून घेता येतं. आणि नाटक आपल्याकडच्या बोलीत असेल तर तुम्ही इतरांच्या दोन पावलं पुढे आहात. बोलीतली लय उसनी आणता येत नाही. टीव्ही मालिकेतली गावरान भाषा ऐकून आलेली माणसं प्रत्येक वाक्याला हेल लावतात, आणि इथलं प्रेक्षागृह ते एका मिनिटात ओळखतं.

आता तुमचं ते स्वगत. काही दिग्दर्शक सांगतात, ‘काहीतरी पाठ करून या’, म्हणून एक तयार ठेवायला हरकत नाही. पण जोरदार नको. ज्या स्वगतांना डॉ. श्रीराम लागूंचा किंवा काशिनाथ घाणेकरांचा आवाज कायमचा चिकटलेला आहे, ती तर मुळीच नकोत. तुम्ही बोलत असता आणि टेबलापलीकडच्या डोक्यात तो दुसरा आवाज वाजत असतो. दोन मिनिटांच्या आत संपणारं, आपल्या वयाच्या आसपासच्या बाईचं, कुणाशी तरी बोललेलं काहीतरी निवडा. ‘कुणाशी तरी’ हे महत्त्वाचं आहे. आकाशाकडे बघून केलेल्या चिंतनात करण्यासारखं फार काही नसतं. रडणं, किंचाळणं, वेड लागणं हे प्रकार टाळा, कारण लहानशा खोलीत, ट्यूबलाइटखाली, पाच माणसांसमोर ते करणाऱ्यालाही अवघड जातं आणि बघणाऱ्यालाही. विनोदी उतारा चांगला जमत असेल तर जरूर घ्या. दिवसभर रडारड ऐकून कंटाळलेली माणसं समोर असतात.

कॉलेजातल्या एकांकिकेचा अनुभव उपयोगी पडतोच. पण तिथली आणि इथली गरज वेगळी आहे. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकानं आणि नंतर निघालेल्या तसल्या स्पर्धांनी महाराष्ट्रातल्या कॉलेजांना नाटकाचं वेड लावलं, आमच्यातले निम्मे त्यातूनच आले. तिथे पाऊण-एक तासाची एकांकिका असते, विशीतली पोरं आजोबासुद्धा करतात, आणि सगळं जोरावर निघून जातं. दोन अंकी नाटकात जोर पहिल्या अंकातच संपतो. आणि वय इथे फार मोजलं जातं. समजा नवऱ्याच्या भूमिकेसाठी पंचावन्नचा गृहस्थ पक्का आहे आणि तुम्ही त्याच्याशेजारी मुलगी दिसता. मग कितीही चांगलं वाचा, बायकोचं काम तुम्हाला मिळणार नाही. उंची, चेहऱ्याची ठेवण, आवाजाची जात हेही जोडी लावताना बघितलं जातं. ‘मी कमी पडले’ असं मनाला लावून घेण्याआधी हा भाग ध्यानात घ्या. तो तुमच्या हातात नाही.

हातात आहे ते वेळेचं गणित, आणि माझ्या मते निम्म्या निवडी इथेच होतात. प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे तालमी गणपतीनंतर रंगात येतात. रोज संध्याकाळी साडेसातला सुरू, संपायला दहा-साडेदहा. शेवटच्या आठवड्यात घड्याळ कुणी बघत नाही. तुमच्या शाळेची पहिल्या सत्राची परीक्षा, पेपर तपासणी, निकाल, सगळं ह्याच दिवसांत येतं. त्यात निवडणुकीची ड्युटी लागली तर ती वेगळीच. प्रयोगाची तारीख तुमच्या सोयीनं मिळत नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाचं वेळापत्रक येतं आणि त्यात जो वार येईल तो. अंतिम फेरीला गेलात तर परगावी जायचं, म्हणजे आणखी रजा.

‘सगळं जमेल हो’ असं म्हणणारे मी ओळखून आहे. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या मावशीच्या नणंदेचं लग्न निघतं. त्यापेक्षा ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत परीक्षा आहे, त्या दिवसांत आठनंतरच येऊ शकेन, बाकी रोज वेळेवर’ असं कागदावर लिहून देणारी बाई मला जास्त भरवशाची वाटते. मी त्याप्रमाणे प्रवेशांचा क्रम लावते. गेल्या वर्षी तुम्हाला वेळेबद्दल विचारलं होतं का, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, ते जरा आठवून बघा.

रात्रीच्या येण्याजाण्याचंही आधीच बोलून घ्या, घरीही आणि संस्थेतही. बायकांच्या भूमिकांना माणसं मिळत नाहीत अशी ओरड सगळ्या हौशी संस्था करतात. पण साडेदहाला तालीम सुटल्यावर ती बाई घरी कशी जाणार याचा विचार सगळ्या करत नाहीत. ‘सोडायला कुणी असतं का? तालीम कुठे असते? संस्थेत आणखी बायका किती?’ हे प्रश्न विचारण्यात संकोच कसला? उत्तर देताना समोरचा चिडला, किंवा ‘कलेसाठी एवढं तरी करावं लागतं’ असं काही बोलला, तर तिथून निघा. वाचनासाठी एकटीला घरी किंवा हॉटेलात बोलावलं तर जाऊच नका. वाचन शाळेच्या हॉलमध्ये, वाचनालयात, संस्थेच्या खोलीत, चार माणसांसमोर होतं. आणि वाचनाचे पैसे मागितले तर ती हौशी संस्थाच नव्हे. निवड झाल्यावर वर्गणी काढायची पद्धत मात्र काही ठिकाणी आहे. ती किती आणि कशासाठी हे आधी विचारून घ्यावं. मानधनाची अपेक्षा ठेवू नका, ते नसतं.

वाचन झाल्यावर बहुतेक ठिकाणी विचारतात, ‘छोटं काम चालेल का? बॅकस्टेज कराल का?’ इथे मोठेपणा म्हणून ‘काहीही चालेल’ असं म्हणू नका. खरंच चालणार असेल तरच म्हणा. माझं मत विचाराल तर छोटी भूमिका जरूर घ्यावी. दोन प्रवेशांचं काम असलेली शेजारीण सगळ्या तालमी बघते, आणि पाहून जे शिकता येतं ते स्वतः रंगमंचावर असताना शिकता येत नाही. बॅकस्टेजचं मात्र ठरवून करा. वेशभूषा किंवा रंगमंच व्यवस्था मनापासून आवडत असेल तर उत्तम, चांगल्या रंगमंच व्यवस्थापकाला आमच्यात नटापेक्षा जास्त मान आहे. पण ‘यंदा इस्त्री सांभाळ, पुढच्या वर्षी काम देतो’ यावर विसंबू नका. हे वाक्य दरवर्षी नवीन माणसाला सांगितलं जातं.

गेल्या वर्षीचं अजून खुपतंय, तर त्याच दिग्दर्शकांना फोन करा. ‘मला का घेतलं नाही’ असं विचारलंत की माणूस सारवासारव करतो. ‘यंदा परत वाचायला येणार आहे, गेल्या वेळी माझ्या वाचनात काय खटकलं होतं?’ असं विचारा. उत्तर मिळेलच असं नाही. पण परत येणारा माणूस आम्हाला बरा वाटतो. पहिल्या नकारातच रुसून बसलेला पहिल्या तालमीतल्या ओरड्याला टिकत नाही, हे आम्ही पुष्कळदा पाहिलंय.

आणि यंदाच्या संहितेत तुमच्या वयाची बाईच नसेल तर? होतं असं. मग त्याच संस्थेत अभिवाचन होत असेल तर त्याला जा, खुल्या एकांकिका स्पर्धांना संघ शोधा. तुमच्याकडे आणखी एक दार आहे, जे आमच्यातल्या बहुतेकांकडे नसतं. राज्य नाट्य स्पर्धेतच बालनाट्याचा स्वतंत्र विभाग आहे. शाळेनं परवानगी दिली तर मुलांचं नाटक तुम्हीच बसवा. टेबलाच्या या बाजूला बसून वीस मुलांची वाचनं ऐका आणि त्यातल्या कुणाला का निवडलंत ते स्वतःसाठी एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी वाचनाला जाताना ती वही आदल्या रात्री चाळा. मुख्याध्यापकांना विचारायचं असेल तर आत्ताच विचारा, कारण डिसेंबरात सगळी शाळा स्नेहसंमेलनाच्या मागे लागते आणि मग हॉल मिळत नाही.